छत्तीस वर्षांचं पाणी

मी आयर्लंडला गेले लेकीला भेटायला, आणि परत आले ती एका बाईचं छत्तीस वर्षं जपलेलं काम सिंकमध्ये ओतून. हे आधीच सांगून टाकते. साताऱ्यात परतल्यापासून जो तो विचारतो, 'काय काय पाहिलंत मग?' आणि मी हिरवी कुरणं, मेंढ्या, समुद्र अशी सुरुवात करते आणि मधेच अडखळते. पाहिलं पुष्कळ. पण सांगण्यासारखं एकच घडलं, आणि ते माझ्या हातून घडलं.

विमानप्रवासाचं काही लिहीत नाही. विमानात सगळ्यांचेच पाय सुजतात, माझेही सुजले.

स्लायगो, पहिले काही दिवस

माझी मुलगी केतकी स्लायगोच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. आयर्लंडच्या वायव्येला समुद्राकाठी हे गाव. गावाबाहेर पडलं की एक डोंगर दिसतो, बेनबुल्बेन नावाचा. माथा सपाट, कडे सरळ तुटलेले. मी गाडीतच म्हटलं, "अगं, हा तर आपला अजिंक्यतारा." केतकी म्हणाली, "आई, तू जगात कुठेही गेलीस तरी सातारा शोधणार." शोधणारच. फरक एवढाच की आमचा अजिंक्यतारा मे महिन्यात करपून तपकिरी होतो आणि हा मे महिन्यात इतका हिरवा की विद्यार्थ्याने असा रंगवला असता तर मी म्हटलं असतं, बाळा, जरा पिवळा मिसळ, एवढा हिरवा कुठे असतो का.

मी तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. हे सांगायला हवं, पुढच्या सगळ्या घोटाळ्यात त्याचा हात आहे.

पहिला धक्का बसला तो घर पाहून. केतकीने फोनवर 'कॉटेज' सांगितलं होतं. पोचल्यावर कळलं की तो पूर्वीचा गोठा आहे. म्हणजे माझी एमडी झालेली मुलगी साता समुद्रापार जाऊन गोठ्यात राहते आणि वर त्याचं भाडं भरते. "अगं आई, अंडरफ्लोअर हीटिंग आहे," म्हणाली. मी जमिनीला हात लावून पाहिला. खरंच गरम होती. आमच्या गायींचं एवढं नशीब नव्हतं.

दुसरा धक्का माणसांचा. इथे कुणाला राग येत नाही. सगळ्याला एकच शब्द, 'ग्रँड', म्हणजे छान, काही हरकत नाही. चहा 'ग्रँड', पाऊस 'ग्रँड', दिवसातून चारदा भिजून कपडे अंगाला चिकटले तरी 'ग्रँड'. सुपरमार्केटात माझी ट्रॉली एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या टाचेवर गेली, चांगलं सालटं निघालं. मी घाबरून सॉरी सॉरी करतेय, आणि ते एका पायावर उभे राहून मलाच समजावतात, "यू आर ग्रँड, यू आर ग्रँड." साताऱ्याच्या भाजी मंडईत असं झालं असतं तर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता.

सायोकोबाई

गोठ्याच्या समोर मोठं घर, त्यात घरमालकीण. मला वाटलं होतं कोणी गोरी आयरिश बाई असेल. दार उघडलं तर समोर जपानी बाई. सत्तरीच्या, पांढरे केस अगदी बारीक कापलेले, पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात समुद्रावरून आणलेलं ओलं शेवाळ. केतकी म्हणाली, "सायोको, ही माझी आई." सत्तर वर्षांच्या बाईला सरळ नावाने हाक. मी तिला मराठीत दटावलं, "काकू म्हण." ती म्हणाली, "आई, काकू म्हटलं तर तिला कळणारही नाही." मी मात्र पहिल्या दिवसापासून सायोकोबाईच म्हटलं. आमच्या शाळेत मान द्यायचा तो बाई म्हणूनच.

सायोकोबाईंचा व्यवसाय चित्रांचा. लहान मुलांच्या पुस्तकांसाठी त्या आयुष्यभर चित्रं काढत आल्या. त्यांनी चहाला बोलावलं आणि पुस्तकांचं कपाट उघडलं. चोवीस पुस्तकं. मी एकेक उघडून पाहत गेले आणि चहा निवून गेला. काय हात होता बाईंचा. ओल्या कागदावर रंग सोडायचा आणि तो नेमका जिथे थांबायला हवा तिथे थांबवायचा, हे तीस वर्षं शिकवूनही मला स्वतःला दहातून चारदा जमतं.

त्या हळू इंग्रजी बोलतात, मीही हळूच बोलते, त्यामुळे आमचं छान जमलं. तरुणपणी जपानमध्ये एका जाहिरात कंपनीत त्या भाताच्या कुकरची माहितीपत्रकं रंगवायच्या. मग इथल्या एका लोककथांच्या पुस्तकासाठी तीन आठवडे आयर्लंडला आल्या आणि इथेच राहिल्या. बिस्किटांचे डबे, बियाण्यांची पाकिटं, कॅलेंडरं, शाळेची क्रमिक पुस्तकं, मिळेल ते काढलं. "प्रत्येक वेळी वरून चिठ्ठी यायची," त्या म्हणाल्या. "आभाळ जास्त निळं करा. मुलगी हसरी करा. मी तीस वर्षं मुली हसऱ्या केल्या."

तीन वर्षांपूर्वी त्यांनी ते सगळं बंद केलं. आता फक्त स्वतःची चित्रं. शनिवारी गावातल्या गॅलरीत त्यांचं पहिलं प्रदर्शन होतं. सत्तराव्या वर्षी पहिलं. मी चित्रं बघू का म्हटलं, तर त्यांनी मान हलवली. सगळी पूर्ण झाल्याशिवाय त्या दाखवत नाहीत. पंचविसातली चोवीस झाली होती. एक बाकी होतं, आणि स्टुडिओचं दार बंद होतं.

मीही चित्रं काढायचे, शाळा सांभाळून मुलांच्या मासिकांसाठी, हे त्यांना कळलं तेव्हा त्या उठून वाकल्या आणि मला 'सेन्सेई' म्हणाल्या. म्हणजे गुरुजी. मी लाजून लाल झाले. त्यांनी विचारलं, तुमची मूळ चित्रं कुठे आहेत? मग मी त्यांना सांगितलं की एकदा मी पुण्याच्या छापखान्यात माझी चित्रं परत मागायला गेले होते, तर तिथला कारकून म्हणाला, "बाई, ती आता कुठली? त्यावर आमच्या लोकांनी डबे खाल्ले असतील." मी हे गंमत म्हणून सांगितलं. साताऱ्यात सगळे हसतात. सायोकोबाईंनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

मग त्या म्हणाल्या, "माझं पहिलं पुस्तक या कपाटात नाही." त्या चौतीस वर्षांच्या असताना, जपानमध्येच काढलेलं. धुक्यातून माणसं पलीकडे नेणाऱ्या एका नावाड्याची गोष्ट. प्रकाशक म्हणाला, चित्रं फार काळोखी आहेत, मुलं घाबरतील. पुस्तक छापलंच नाही, चित्रं त्याच्याकडेच राहिली, पुढे तो धंदा बुडाला आणि चित्रं कुठे गेली देव जाणे.

"काहीच उरलं नाही?" मी विचारलं.

"थोडं उरलंय," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच मनापासून हसल्या.

गुरुवार सकाळ

बुधवारी केतकी तिथल्या डॉक्टरांच्या परीक्षेला डब्लिनला गेली, शुक्रवारी रात्री येणार होती. गाडी तिच्याबरोबर. इथे गाडी नाही म्हणजे पाय नाहीत. मी एकटी नको म्हणून सायोकोबाईंनी मला आपल्या घरी झोपायला बोलावलं. संध्याकाळी त्यांनी सूप केलं, मी दोन वाट्या मिटक्या मारत प्यायले आणि मग कळलं की त्यात सुकी मासळी होती. साठ वर्षांचं शाकाहारी व्रत चमच्याने संपलं. मी तोंडातून ब्र काढला नाही, उलट उठून त्यांना खमंग थालीपिठं लावून दिली. त्यांनी चार खाल्ली. तवा मीच घासला.

गुरुवारी साडेपाचला जाग आली. तिकडे मे महिन्यात तेव्हा लख्ख उजेड असतो. स्वयंपाकघरात आले तर सिंकशेजारी काचेची मोठी बरणी, वर बशी झाकलेली, आत गढूळ पाणी. बघताक्षणी ओळखलं: ब्रश धुतलेलं पाणी. बाई बिचाऱ्या दमून झोपल्या आणि ओतायचं राहिलं.

आता आमच्याकडची रीत सांगते. सकाळी उठलं की आधी रात्रीचं शिळं पाणी ओतायचं, भांडी घासायची, ताजं भरायचं, मग चहा. आईने हे करताना मी पाहिलं, केतकी माझ्यावर कावते तरी मी करतेच. त्यात मी चित्रकलेची बाई. तास संपला की तीस वर्षं एकच ओरडत होते, "पोरांनो, ब्रशचं पाणी ओता, डबा घासा, पालथा घाला, मग घंटा." या दोन सवयी एका बाईत असल्यावर ती बरणी वाचणं शक्य नव्हतं.

मी बशी काढली आणि ओतलं. बुडाला जाड थर होता, तो पाण्याने निघेना. मग त्यावर गरम पाणी सोडलं, भांड्यांचा साबण घातला आणि तारेची घासणी घेऊन बुडाशी अशी भिडले की बरणी आरशासारखी झाली. फडक्यावर पालथी घातली. मला फार बरं वाटलं. एका मोठ्या चित्रकाराची बरणी घासायला मिळाली, असंच वाटलं. खोटं कशाला सांगू.

सातला सायोकोबाई आल्या. त्यांची नजर बरणीवर गेली. त्यांनी ती उचलली, सरळ केली, आत पाहिलं.

"सेन्सेई, यातलं पाणी?"

"ओतलं," मी म्हटलं. "घासली पण. चहा घ्या."

त्या खाली बसल्या. खुर्चीवर नाही, सिंकसमोर जमिनीवरच, मांडीत बरणी घेऊन. मला वाटलं चक्कर आली, मी साखर शोधायला धावले. मी पाठीवरून हात फिरवायला गेले तर त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला. मग उठल्या, स्टुडिओचं दार उघडलं आणि मला आत यायला सांगितलं.

भिंतीवर चोवीस चित्रं होती. त्यात माणूस नाही, झाड नाही, घर नाही. नुसत्या रंगाच्या ओल्या पट्ट्या, एकात दुसरी विरघळलेली. एक मातकट, एक गवती, एक दुखऱ्या जखमेभोवती त्वचेचा असतो तसा जांभळट करडा. आणि प्रत्येक चित्राखाली एक रिकामी बरणी, तिच्यावर जपानीत चिठ्ठी.

त्यांनी सांगितलं ते असं. एका पुस्तकाला एक बरणी. पुस्तक संपेपर्यंत ब्रश धुतलेलं पाणी टाकायचं नाही, कमी झालं की वरून घालायचं. पुस्तक झालं की ते आटू द्यायचं आणि बुडाशी राहिलेल्या रंगाला झाकण लावून ठेवून द्यायचं. आता म्हातारपणी एकेक बरणी भिजवायची आणि त्या पाण्याने त्या पुस्तकाचं एक चित्र काढायचं.

"पानावर गेला तो रंग संपादकाचा," त्या म्हणाल्या. "पाण्यात राहिला तो माझा."

पंचविसाव्या जागी पाटावर ताणलेला कोरा कागद होता. खाली बरणी नव्हती. ती त्यांच्या हातात होती.

मला कळलं की मी काय ओतलं. त्या नावाड्याच्या पुस्तकाची चित्रं गेली, पुस्तक छापलं नाही, जगात त्याचं जे काही उरलं होतं ते त्या बरणीच्या बुडाशी होतं. छत्तीस वर्षं त्यांनी ते जपानहून इथवर, घरामागून घर बदलत सांभाळलं, आणि आदल्या रात्री मी झोपल्यावर विश्वासाने भिजत घातलं. आणि मी, जिच्या चित्रांवर लोकांनी डबे खाल्ले, तिनेच ते तारेच्या घासणीने खरवडून काढलं. मला स्वतःच्या हातांची शिसारी आली.

नोएल आणि सिंक

अकरा वाजता नोएल आला. हा गावातला फ्रेम करणारा, साठीचा उंच गडी, चित्रं न्यायला व्हॅन घेऊन आला होता. झालेलं ऐकून तो दारातच उभा राहिला. मग मला म्हणाला, "तुम्हाला कसं कळणार? यू आर ग्रँड."

"नाही, नोएल," सायोकोबाई शांतपणे म्हणाल्या. "हे ग्रँड नाही."

आयर्लंडमध्ये तीन आठवड्यांत हे वाक्य मी एकदाच ऐकलं. नोएलने टोपी काढली.

मग तो व्हॅनमधून पाना घेऊन आला, सिंकखालच्या कपाटात डोकं घातलं आणि पाइपचा वाकडा भाग उघडला. खाली बादली. त्यातून आलं ते काय सांगू: चहाचा चोथा, कोबीचं पान, साबणाचा फेस, आणि काळपट चिकट गाळ. सायोकोबाईंनी तो चहाच्या गाळण्यातून गाळला. चमचाभर राहिला. मी देवाचं नाव घेत होते, खरंच घेत होते. त्यांनी जाड ब्रश त्यात बुडवून एका कागदाच्या तुकड्यावर ओढला. रंग बसेना. थेंब थेंब होऊन सुटायला लागला, मेणावर पाणी सुटतं तसा.

"तेल," त्या म्हणाल्या.

माझ्या थालीपिठांच्या तव्याचं तेल. आदल्या रात्री तो मी त्याच सिंकमध्ये घासला होता.

नोएल हळूच पाइप बसवून निघून गेला. जाताना चित्रांबरोबर कोरा कागदही घेऊन जाऊ का म्हणून त्याने विचारलं, आणि त्या हो म्हणाल्या.

गुरुवार दुपार

मी गोठ्यात जाऊन बसले. केतकीला फोन करावासा वाटला, पण तिचा पेपर होता. पळून जावं तर बस दिवसातून दोनदा, आणि जाणार कुठे? मी घरी असते तर हात जोडले असते, चूक झाली म्हटलं असतं, त्यांनी 'जाऊ द्या हो' म्हटलं असतं आणि दोघींनी मनात काय ते ठेवलं असतं. इथे तीही सोय नव्हती.

चारला सायोकोबाई आल्या. हातात वही आणि पेन्सिल. समोर बसून म्हणाल्या, "ओतताना कसा रंग दिसला? मी बशी झाकून ठेवली होती, भिजल्यावर मी पाहिलंच नाही. फक्त तुम्ही पाहिलंय."

हे मला येत होतं. डोळे मिटले आणि सांगायला लागले. आधी वरचं पाणी, फिका कोरा चहा. त्यामागून निळं, पण शाईचं नव्हे, त्यात काळा मिसळलेला, पहाटे दिवे जाण्याआधी असतो तसा. ते सिंकच्या कडेने फिरलं. त्यात करड्या रेघा, जड, त्या खाली बसत होत्या. "आणि शेवटी," मी म्हटलं, "बूड खरवडलं तेव्हा लाल. एकच धागा."

त्यांची पेन्सिल थांबली. "लाल नव्हता. त्या पुस्तकात लाल नव्हताच."

"होता."

"सेन्सेई, मी काढलंय ते पुस्तक."

"आणि मी ओतलंय. लाल होता. गेरू नाही, कुंकवाच्या जवळचा. पाण्यात एक वेढा घेतला आणि गेला."

काय माझं धाडस बघा. जिचं सर्वस्व घालवलं तिच्याशीच हुज्जत घालत होते. पण रंगाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही, आणि खोटं सांगून त्यांना बरं वाटावं अशी वेळ ती नव्हती.

बाहेर सर येऊन गेली. मग त्या म्हणाल्या, "पायमोजा." मला कळेना. "शेवटच्या पानावर होडी रिकामी असते," त्या म्हणाल्या. "सगळे उतरून गेलेले. आणि फळीवर एका लहान मुलीचा एक मोजा राहिलेला असतो. लाल. मी विसरले होते. ते पानच विसरले होते मी."

आणि त्या रडल्या. ओक्साबोक्शी, तोंडावर वही धरून. मीही रडले. त्यांना जवळ घ्यायची माझी हिंमत झाली नाही, मी आपली माझ्या खुर्चीत बसून रडले. मग मी म्हटलं, मला माफ करा. त्यांनी तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "ठीक आहे, असं म्हणायचा मी सकाळपासून प्रयत्न करतेय. मनातल्या मनात. जमत नाही."

शनिवार, गॅलरी

केतकी शुक्रवारी रात्री आली. तिला सगळं सांगितलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "आई, तू तिची बरणी घासलीस? तारेने?" पेपर कसा गेला हे विचारायचंही राहून गेलं. शनिवारी न जायचा मी हट्ट धरला होता. ती म्हणाली, "नाही गेलीस तर तू आयुष्यभर तोंड लपवत फिरशील. साडी नेस आणि चल."

गॅलरी नदीकाठी, पांढऱ्या भिंतींची. चाळीसेक माणसं, हातात वाइन, नोएल कोट घालून आलेला. चोवीस चित्रं ओळीत, प्रत्येकाखाली तिची बरणी. आणि पंचविसावी फ्रेम. आत कोरा कागद. खाली माझी घासलेली बरणी, दिव्याखाली तिच्यावरचे तारेचे ओरखडे सगळ्यांना दिसत होते. मला वाटलं ते फक्त मलाच दिसतात, पण नाही, दिसतच होते.

लोक तिथेच जास्त थांबत होते. कोणी विचारलं की सायोकोबाई एवढंच म्हणायच्या, "त्या पुस्तकाचं काही उरलं नाही." माझ्याकडे एकदाही बोट दाखवलं नाही, नजरसुद्धा वळवली नाही. मग मोठे मणी घातलेली एक बाई मैत्रिणीला सांगायला लागली की सगळ्यांत ताकदीचं चित्र हेच, काय ही शांतता, काय हे मौन, काय हे धाडस.

मला ते सोसेना. सायोकोबाईंचं दुःख होतं ते, धाडस कसलं. माझ्या तोंडून निघून गेलं, मोठ्यांदा, माझ्या त्या शाळेतल्या इंग्रजीत: "नो मॅडम. हे मौन नाही. मी ओतलं. मी त्यांची पाहुणी. मला घाण वाटली, मी धुतलं."

केतकीने माझा दंड धरला. मग इकडून तिकडून सुरू झालं, अरेरे, तुम्हाला काय माहीत, यू आर ग्रँड, ग्रँड. सायोकोबाई गर्दीतून वाट काढत आल्या आणि माझ्या शेजारी उभ्या राहिल्या.

"हिनेच ओतलं," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "आणि त्यातला लाल रंग जगात फक्त हिने पाहिला."

मग माझ्याकडे वळल्या. मला वाटलं आता म्हणतील, झालं गेलं विसरून जाऊ. मी तर रडायच्या तयारीतच होते.

"सेन्सेई, मला तुमचा राग आलाय," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा, बाजारात काय आणायचं ते सांगावं तसा. "आणि तो बरेच दिवस राहणार आहे. पुढच्या वर्षी याल तेव्हा केतकीकडे नको, माझ्याकडे राहा."

मी थक्क झाले. आमच्याकडे राग म्हणजे अबोला. माझ्या दोन जावा एका पैठणीवरून अकरा वर्षं बोललेल्या नाहीत, लग्नात एकाच पंगतीत बसतात आणि वाढप्याकरवी मीठ मागतात. राग आहे म्हणून सांगायचं आणि त्याच दमात राहायला बोलवायचं, हे मी साठ वर्षांत पाहिलं नव्हतं. मी नुसती वाकले. चुकीचीच वाकले असणार, कारण केतकी मला सावरायला पुढे झाली.

निघायच्या दिवशी त्या फाटकापर्यंत आल्या. डब्यात भात आणि भाजलेलं शेवाळ दिलं, आणि त्यात मासळी नाही असं दोनदा सांगितलं.

सातारा

परत येऊन पाच महिने झाले. शेजारणीला मेंढ्यांचे फोटो दाखवून झाले. हे मात्र कुणाला सांगितलं नव्हतं, आता लिहून सांगतेय.

परवा केतकीचा व्हिडिओ कॉल आला. परीक्षा पास झाली होती, पोर खुशीत होती. म्हणाली, "सायोको विचारत होती, आई कधी येतेय. खोली तयार करायचीय म्हणे."

मी विचारलं, "राग गेला का ते विचारलंस?"

"विचारलं."

"मग?"

"नाही म्हणाली. अजून आहे म्हणाली." केतकीने विषय बदलला. "मी दोन आठवड्यांचं तिकीट बघून ठेवलंय तुझं. चालेल ना?"

"दोन आठवड्यांत काय होणार?" मी म्हटलं. "दोन महिन्यांचं काढ."